पगारातून कापलेल्या पैशासाठी अर्ज करायला लाज कसली?

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर पोलीस हवालदार आहेत. चोवीस वर्षं सर्व्हिस झाली. आम्ही लाईनीतच राहतो. मुलगी यंदा बारावी सायन्स ७१ टक्क्यांनी पास झाली. तिला फॉरेन्सिकला जायचंय. धाकटा सतरा वर्षांचा, अकरावीत आहे, त्याला भरतीच व्हायचंय. ॲकॅडमीवाले वर्षाचे साठ हजार सांगतात.

लाईनीतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पोलिसांच्या मुलींना पंतप्रधान शिष्यवृत्तीतून महिन्याला तीन हजार मिळतात. नेट कॅफेवाला म्हणतो, सगळ्या स्कॉलरशिप लावून देतो, अडीच हजार द्या. आम्ही ओबीसी. मागच्या वर्षीचा फॉर्म सोळा सात लाख चौसष्ट हजारांचा आहे. एक जण म्हणतो, एवढा पगार असेल तर काही मिळत नाही. दुसरा म्हणतो, नॉन क्रिमीलेअर आहे ना, मग उत्पन्न कोण बघतंय.

पगारपत्रकात दर महिन्याला कल्याण निधीची कपात दिसते. त्यातून मुलांच्या शिक्षणाला मदत मिळते असं ऐकून मी मिस्टरांना अर्ज करा म्हटलं, तर म्हणाले, "साहेबांपुढे हात पसरायला मला लाज वाटते." आता बंदोबस्तामुळे ते आठ आठ दिवस धड घरी नसतात. सगळं मलाच करायचंय. कुठून सुरुवात करू?

– एक पोलीस पत्नी

*

वहिनी, नमस्कार.

तुम्ही मला ताई म्हणालात म्हणून मी वहिनी म्हणते. एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर माझी बावीस वर्षं गेली. खिडकीच्या त्या बाजूला तुमच्यासारख्या कितीतरी जणी उभ्या असायच्या, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळे ओरिजनल आणि एकाचीही झेरॉक्स नाही.

आधी त्या फिरत्या मेसेजचं बघू. मेसेज खोटा नाही, पण अर्धाच आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना २००६-०७ पासून आहे. तिचा पैसा राष्ट्रीय संरक्षण निधीतून येतो आणि तो निधी १९६२ सालचा. आधी ही योजना माजी सैनिक, निमलष्करी दलं आणि रेल्वे सुरक्षा दलातल्यांच्या मुलांसाठी होती. २०१९ मध्ये केंद्राने रक्कम वाढवली, मुलांना महिना २,५०० आणि मुलींना ३,००० केले, आणि राज्य पोलिसांनाही योजनेत घेतलं. लोक इथपर्यंत वाचतात आणि पुढे पाठवतात. पुढची ओळ अशी आहे की राज्य पोलिसांपैकी जे दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात शहीद झाले, त्यांच्याच मुलांना ती मिळते. देशभरातून वर्षाला ५०० जणांना. हा अर्ज तुमच्या घरातून जावा लागू नये, हीच माझी इच्छा. त्यामुळे ग्रुपवरच्या त्या तीन हजारांचा हिशेब डोक्यातून काढून टाका. मात्र लाईनीत कुणाचा भाऊ किंवा दीर सीआरपीएफ, बीएसएफमध्ये असेल तर त्यांच्या घरी जरूर सांगा. त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत, आणि बारावीला ६० टक्के असलेली, व्यावसायिक पदवीला जाणारी मुलं तिथे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून अर्ज करू शकतात.

आता मुद्द्याचं बोलते. "पोलिसाची मुलगी" या नावावर उघडणारी दारं थोडी आहेत आणि ती बहुतेक खात्याच्या आतच आहेत. मोठी रक्कम सुटते ती बाहेरच्या, सगळ्यांसाठी असलेल्या योजनांतून. तिथे वर्दी बघत नाहीत. उत्पन्न, प्रवर्ग, कॉलेज आणि अभ्यासक्रम बघतात. दोन्हीकडे अर्ज करायचा, पण दोन्हींची गल्लत करायची नाही.

तुमच्या घराच्या बाबतीत सगळा खेळ वार्षिक उत्पन्नाच्या आठ लाखांच्या रेषेवर आहे. तुम्हाला सल्ला देणारे दोघेही चुकले आहेत, आणि दोघांचं थोडं थोडं बरोबरही आहे, म्हणून जरा नीट सांगते.

नॉन क्रिमीलेअर दाखला आणि उत्पन्नाचा दाखला ही दोन वेगळी कागदं आहेत. नॉन क्रिमीलेअर हा आरक्षणासाठी. तो देताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न मोजत नाहीत. १९९३ पासूनचा नियम आहे हा. हवालदार गट क मध्ये येतात, त्यामुळे पगार कितीही वाढला तरी मुलांचं नॉन क्रिमीलेअर निव्वळ पगारापायी अडत नाही. सेतूत एखादा नवखा ऑपरेटर फॉर्म सोळा बघून "होत नाही" म्हणतो आणि लोक परत येतात. परत यायचं नाही. तहसीलच्या अव्वल कारकुनाला भेटायचं.

शिष्यवृत्तीला मात्र तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्यात पगार पूर्ण मोजला जातो. म्हणजे एकाच घरातली मुलगी आरक्षणाला पात्र आणि फी माफीला अपात्र असं होऊ शकतं. माझ्या टेबलावर यावरून जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. "दाखल्यावर सरकारचाच शिक्का आहे ना?" असं ओरडून विचारणारे वडील मला अजून आठवतात. शिक्का सरकारचाच होता, फक्त कागद दुसरा होता.

तुमचे सात लाख चौसष्ट हजार आठच्या आत आहेत, म्हणजे यंदा तुम्ही बसता. तुम्ही लाईनीत राहता म्हणून घरभाडे भत्ता पगारात येत नाही, त्याचाही यात हात आहे. पण जुलैची वेतनवाढ आणि महागाई भत्त्याचे एकदोन हप्ते लागले की ही रेषा ओलांडली जाणार, हे आत्ताच धरून चाला. मुलीच्या तिन्ही वर्षांचं गणित या माफीवर बसवू नका. पहिलं वर्ष सुटलं तर त्या वाचलेल्या पैशाची आवर्ती ठेव करा, तिसऱ्या वर्षाला उपयोगी पडेल.

आणि कुणी म्हणेल, दाखल्यावर पाच लाख दाखवू, आपला माणूस आहे तहसीलमध्ये. त्याला दारातूनच वाटेला लावा. सरकारी नोकराचा पगार ट्रेझरीत नोंदलेला असतो, तो लपत नाही. खोट्या दाखल्याला कुठलं कलम लागतं ते मिस्टरांना विचारा, त्यांना पाठ असेल.

आठ लाखांच्या आत असण्याचा फायदा काय, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पूर्वी ते पन्नास टक्के होतं, मुलांना अजून पन्नासच आहे. पण यात तीन अटी दडलेल्या आहेत आणि पालक प्रवेश झाल्यावर जागे होतात. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला चालत नाही. आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठात असेल तर ही माफी नाही.

ही तिसरी अट तुमच्या मुलीला थेट लागू होते. कारण फॉरेन्सिकचं सध्या पेव फुटलंय. मालिका बघून मुलं येतात, आणि खाजगी विद्यापीठांनी हा कोर्स काढून लाख-दीड लाखांच्या फीचे फलक लावलेत. माझा सल्ला कडू लागला तरी लागू दे, त्या फलकांकडे आत्ता बघू नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय न्यायसहायक विज्ञान (म्हणजेच फॉरेन्सिक) संस्था आहेत. आधी तिथे अर्ज करा. नाहीच जमलं तर जवळच्या अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन बीएस्सी करायची आणि न्यायसहायक विज्ञान एमएस्सीला घ्यायचं. प्रयोगशाळेत विषाचं विश्लेषण, डीएनए, शस्त्रांची तपासणी असे वेगवेगळे विभाग असतात आणि त्यांना रसायन, जीव, भौतिक या विषयांची पक्की माणसं लागतात. पदवीच्या नावात फॉरेन्सिक हा शब्द असला म्हणजे नोकरी नक्की, असं काही नसतं.

कामाची गरज मात्र खरी आहे, हे मिस्टर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. त्यात सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायची तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे तुमची मुलगी शिकून बाहेर पडेल त्या सुमाराला ही माणसं प्रत्येक जिल्ह्याला लागणार आहेत.

कुठल्याही कॉलेजात फी भरायच्या आधी ऑफिसात जाऊन एवढं विचारा: हा अभ्यासक्रम महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, तुमच्या कॉलेजच्या नावापुढे दिसतो का, आणि मागच्या वर्षी यात ओबीसी मुलींना कुठल्या योजनेतून किती रक्कम मिळाली? दुसऱ्या प्रश्नाला क्लार्क थोडा चमकेल. चमकू द्या. उत्तर देता आलं नाही तर मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलीचा नंबर मागा. साधी बीएस्सी आणि व्यावसायिक पदवी यांच्या योजना वेगवेगळ्या असतात आणि फॉरेन्सिकसारखा कोर्स कुठे कुठल्या यादीत टाकलाय, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नाही.

जात वैधता प्रमाणपत्राचं तुम्ही लिहिलेलं नाही. मिस्टरांची सेवेतली जात पडताळणी झालेली असेल तर त्यांचं वैधता प्रमाणपत्र मुलीच्या अर्जाला जोडा, काम बरंच हलकं होतं. अजून अर्जच केला नसेल तर हे वाचून झालं की दुसरं काही करू नका, तेच करा. आणि धाकट्याचाही सोबतच टाका.

आता महाडीबीटीचा अर्ज. कॅफेवाल्याला अडीच हजार देऊ नका. तो लावून देतो म्हणजे काय करतो, तर तुमच्या ओटीपीने लॉगिन करून स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो. मग अर्ज परत आला की मेसेज त्याला जातो, आणि तो तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकात असतो. मुलगी बारावी सायन्स झालीय, तिला हा अर्ज घरी बसून भरता येईल. स्कॅनिंग आणि प्रिंटचे काय होतील तेवढेच पैसे खर्च करा.

माझी एक चूक सांगते. निवृत्तीच्या तीनेक वर्षं आधीची गोष्ट. एका मुलीचा अर्ज माझ्याकडे छाननीला आला. वडील पोलीसच. उत्पन्नाचा दाखला मोबाईलवर फोटो काढून चढवलेला, अर्धा काळा. मी शेरा मारला, "कागदपत्र अस्पष्ट", आणि अर्ज परत पाठवला. बरोबरच होतं नियमाने. ती मुलगी रोज माझ्या खिडकीसमोरून वर्गात जायची. तिला हाक मारून "अगं, तुझा अर्ज परत आलाय" एवढं मी सांगितलं नाही, कारण त्या दिवशी माझ्यापुढे तीनशे अर्ज होते. तिने अर्ज केला म्हणजे झालं असं समजून पोर्टल पुन्हा उघडलंच नाही. मुदत संपली. मार्चमध्ये फी भरा म्हणून नोटीस लागली तेव्हा वडील वर्दीतच आले, नाईट करून. काही बोलले नाहीत. नोटीस वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

म्हणून मुलीला सांगा, अर्ज भरल्यापासून दर सोमवारी लॉगिन करायचं. "सेंड बॅक" दिसलं की त्याच आठवड्यात दुरुस्त करून पुन्हा पाठवायचं. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

नावांची भानगडही आत्ताच मिटवा. पोलीस घरांत ही फार दिसते. सर्व्हिस शीटवर बाळासाहेब, आधारवर बाळू, मुलीच्या दहावीच्या सनदेवर बाळकृष्ण. तिघे एकच, हे तुम्हाला माहीत, संगणकाला नाही. आधार दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं. आणि पैसा मुलीच्या आधारला जोडलेल्या खात्यात येतो, अर्जात लिहिलेल्या खात्यात येईलच असं नाही. शाळेत असताना तिच्या नावाने काढलेलं एखादं खातं असेल आणि आधार तिथेच चिकटलेलं असेल, तर पैसा त्या बंद पडलेल्या खात्यावर जाऊन आपटतो. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे" एवढं विचारा. पाच मिनिटांचं काम आहे. मी अशा वीसेक मुलींना ऑफिसातून बँकेत पिटाळलं असेल.

बाकीचं भराभर सांगते. बारावीच्या गुणांवर केंद्राची जी शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,००० मिळणारी, तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख आहे, तुम्ही बसत नाही. शैक्षणिक कर्जाची वेळ आली तर पीएम विद्यालक्ष्मी योजना बघा, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर परतफेड सुरू होण्याआधीच्या काळात व्याजात तीन टक्के सवलत. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेतली असेल तर ही व्याजसवलत मिळत नाही, म्हणजे एकच निवडायची. तशीही बहुतेक सरकारी योजनांत एका वेळी एकच लाभ घेता येतो. दोन्हीकडे पैसे आले म्हणून खूश झालेल्या मुलांकडून आम्ही नंतर वसुली केलेली आहे. कर्ज तुमच्या बाबतीत मला तरी लागेलसं वाटत नाही. शासकीय संस्थेच्या फीपेक्षा बाहेरगावी राहण्याचा खर्चच तुम्हाला जड जाईल, तेव्हा वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्याच दिवशी करा.

मुलाचं. साठ हजार देऊ नका, निदान आत्ता तरी नको. तो अकरावीत आहे. भरतीला बारावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण लागतात, त्यामुळे घाई कसली? मैदानी चाचणी पन्नास गुणांची: १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी शंभर गुणांची. लाईनीतल्या पोरांना मैदानाची धास्ती नसते, पहाटे पाचला मैदानावर बापच घेऊन जातो. मार खातात ती लेखीत. गणित, बुद्धिमत्ता, व्याकरण. तेव्हा पैसे घालायचेच तर त्यात घाला, आणि तेही बारावीनंतर. तोवर कॉलेजात एनसीसी असेल तर घ्यायला लावा, प्रमाणपत्राला भरतीत वाढीव गुण असतात. ओबीसी मुलांसाठी नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था पोलीस भरतीपूर्व प्रशिक्षण देते, विद्यावेतनासकट. मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी आणि अनुसूचित जातीच्या मुलांसाठी बार्टी, असं तुमच्या शेजारणींनाही सांगा. महाज्योतीला नॉन क्रिमीलेअर लागतंच, म्हणून ते दोन्ही मुलांचं एकदमच काढा आणि त्यावर छापलेली मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि इथे मात्र पोलिसाचा मुलगा असण्याला किंमत आहे. पोलीस भरतीत पोलीस पाल्यांना तीन टक्के समांतर आरक्षण असतं. अर्ज भरताना तो रकाना न भरणारी मुलं मी पाहिलीत, कारण घरात कुणी सांगितलंच नाही. वडिलांच्या कार्यालयाचा दाखला लागतो, तो वेळेत काढून ठेवायचा. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण यादीत एकेका गुणावर दहा दहा मुलं लटकलेली असतात. भरती झाली नाही तर काय, हाही विचार करून ठेवा. अग्निशमनात त्याला रस असेल तर नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात फायर इंजिनिअरिंगची पदवी आहे, पण तिला बारावीला गणित घट्ट लागेल. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत फक्त मैदानावर पळत राहिलेली मुलं आणि त्यांच्या आया मी बऱ्याच पाहिल्यात. वयाची अट संपते त्या वर्षी घरात बोलणंच बंद होतं.

आता मिस्टरांची लाज.

वहिनी, मला ती समजते. हवालदार माणूस चोवीस वर्षं साहेबांना सॅल्यूट ठोकतो, त्याला त्याच साहेबांच्या टेबलावर मुलीच्या फीचा कागद ठेवायला जड जातं. पण कल्याण निधी ही साहेबांच्या खिशातली खिरापत नाही. पगारपत्रक समोर घ्या, कपातीच्या रकान्यात बोट ठेवा आणि त्यांना दाखवा. चोवीस वर्षांचे महिने मोजा, दोनशे अठ्ठ्याऐंशी होतात. इतक्या वेळा वर्गणी देऊन झाल्यावर एक अर्ज करणं म्हणजे हात पसरणं कसं? विमा काढलेला माणूस क्लेम करताना लाजतो का? लाजतो तो हप्ता चुकवलेला.

मुलांच्या शिक्षणासाठीचा अर्ज पोलीस ठाण्यामार्फत अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या कल्याण शाखेत जातो. किती टक्क्यांना किती रक्कम, शेवटची तारीख कोणती, हे त्या वर्षीच्या परिपत्रकात असतं, आणि परिपत्रक बहुधा नोटीस बोर्डावर लागतं किंवा हजेरीला वाचून दाखवतात. बंदोबस्तावर असलेल्या माणसाच्या कानावर ते जाणार नाहीच. म्हणून तुम्हीच ठाण्यातल्या हजेरी मेजरला किंवा कल्याण शाखेच्या क्लार्कला फोन करा. "अमक्या हवालदारांच्या घरून बोलतेय, पाल्य शिष्यवृत्तीचं यंदाचं परिपत्रक निघालं का?" इतकंच विचारायचं. पोलिसांची पतसंस्था असेल तर तिथेही विचारा, बऱ्याच पतसंस्था सभासदांच्या मुलांना गुणगौरवात रोख बक्षीस देतात. ७१ टक्के त्यात बसतात का ते बघा. आणि पगाराचं खातं ज्या बँकेत आहे तिथे पोलिसांसाठीच्या पगार पॅकेजचं माहितीपत्रक मागून घ्या. अपघात विम्यासोबत काही बँका मुलांच्या शिक्षणाची तरतूदही ठेवतात. तो कागद वापरायची पाळी न येवो, पण घरात कुठे ठेवलाय हे तुम्हाला माहीत हवं.

अर्ज मी लिहून देते, तुम्ही फक्त रिकाम्या जागा भरा. त्यांच्याकडून लिहून होणार नाही, पेन हातात धरून बसतील.

"मा. पोलीस अधीक्षक साहेब यांच्या सेवेशी, मार्फत मा. पोलीस निरीक्षक. विषय: पाल्याच्या उच्च शिक्षणासाठी पोलीस कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळणेबाबत. महोदय, मी पोलीस हवालदार, बक्कल क्रमांक अमुक, तमुक पोलीस ठाणे येथे नेमणुकीस असून कल्याण निधीची वर्गणी नियमित भरत आहे. माझी मुलगी फेब्रुवारी-मार्चच्या बारावी परीक्षेत ७१ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिने अमुक संस्थेत प्रवेश घेतला आहे. तरी परिपत्रकातील तरतुदीनुसार शिष्यवृत्ती मंजूर व्हावी, ही विनंती. सोबत: गुणपत्रक, प्रवेशाची पावती, बोनाफाईड, ओळखपत्राची प्रत, बँक पासबुकाची प्रत."

"वर्गणी नियमित भरत आहे" हे वाक्य काढू देऊ नका, ते मी मुद्दाम घातलंय. आणि "गरीब परिस्थिती", "कृपा करावी" असले शब्द ते घालायला लागले तर खोडून टाका.

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. दिवसभर लोकांना तक्रारीची पोच देणारा माणूस स्वतःच्या अर्जाची पोच घ्यायला हमखास विसरतो, "आपलंच ऑफिस आहे" म्हणून. पोच घेतल्याशिवाय घरात घेऊ नका त्यांना.

– तुमची ताई